साथीचे पहिले दिवस : फर्दापूरच्या निमित्ताने एक अभ्यास

साथीच्या रोगाचा वृत्तान्त लिहिताना आपण बहुधा रुग्णसंख्येपासून आरंभ करतो. त्यामुळे रोग गावात पोहोचण्यापूर्वीच गावाचे काय होते, हा भाग नोंदवहीत येतच नाही. अजिंठ्याच्या डोंगराच्या पायथ्याशी, सोयगाव तालुक्यात वसलेले फर्दापूर या दृष्टीने विचार करण्याजोगे आहे. २०२० साली करोनाच्या साथीत येथे आधी उत्पन्न थांबले, मग वाहने थांबली, मग औषधे थांबण्याची वेळ आली. रोग या सर्वांच्या मागून आला. धर्मादाय रुग्णालयाचे देणगीदार, विश्वस्त आणि रुग्णांचे आप्त यांनी हा क्रम समजून घ्यावा, एवढ्यासाठी हे टिपण.

फर्दापूर हे वाटेवरचे गाव. येथे मोगलकालीन सराई आहे. वाटसरूच्या मुक्कामावर चार घरांची चूल पेटावी, ही येथील रीत जुनीच. जळगाव आणि छत्रपती संभाजीनगर (तेव्हाचे औरंगाबाद) यांना जोडणारा रस्ता गावावरून जातो व येथूनच अजिंठा लेण्यांचा फाटा फुटतो. पर्यटकांनी आपली वाहने फाट्यावर ठेवावयाची आणि पुढील सुमारे चार किलोमीटर एसटी महामंडळाच्या बसने जावयाचे, अशी व्यवस्था आहे. तिच्याभोवती कितीतरी घरांचा चरितार्थ गुंफलेला असतो. रंगीत स्फटिक आणि गारगोट्या विकणारे, खानावळी व चहाच्या टपऱ्या चालविणारे, लेण्यांची माहिती सांगणारे वाटाडे, थकलेल्या वृद्धांना खुर्चीच्या डोलीतून वर नेणारे, निवासगृहांत झाडलोट करणाऱ्या स्त्रिया. यांतील बहुतेकांचे पोट हातावर.

चीनमधील आजाराच्या वार्ता जानेवारी २०२० पासून येत होत्या. जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च रोजी ही जागतिक महामारी असल्याचे घोषित केले आणि १३ मार्चपासून भारताने परदेशी पर्यटकांचे व्हिसा स्थगित केले. इतर खेड्यांत हा आदेश वर्तमानपत्रातील एक मजकूर होता. येथे तो थेट गल्ल्यावर उतरणारा होता. सोमवार हा अजिंठा लेण्यांच्या साप्ताहिक सुट्टीचा दिवस. १६ मार्च हा सोमवार होता. मंगळवारी, १७ मार्चपासून, देशभरातील संरक्षित स्मारके पुरातत्त्व खात्याने ३१ मार्चपर्यंत बंद ठेवली. पंधरा दिवसांचा प्रश्न आहे, असे मानून दुकानदाराने फळ्या लावल्या असतील तर त्याला दोष देता येणार नाही. प्रत्यक्षात लेणी पुन्हा खुली झाली ती डिसेंबर २०२० मध्ये, म्हणजे जवळजवळ नऊ महिन्यांनी.

येथे थोडे विषयांतर. सोळाव्या क्रमांकाच्या लेण्यात ‘मरणोन्मुख राजकन्या’ या नावाने प्रसिद्ध असलेले एक भित्तिचित्र आहे. मान टाकलेली सुंदरी, तिला मागून आधार देणारी स्त्री, हात हाती धरून पाहणारी दुसरी, वारा घालणारी आणखी एक. पती नंद याने संन्यास घेतल्याची वार्ता ऐकून ती कोसळली आहे, असा या चित्राचा अर्थ लावला जातो. म्हणजे तिला रोग नव्हे, वार्ता लागली. २०२० च्या मार्चमध्ये सर्वत्र हीच अवस्था होती. फरक एवढाच की हात धरून बसण्यास तेव्हा मज्जाव होता.

२२ मार्चचा जनता कर्फ्यू झाला. २३ मार्चला राज्यात संचारबंदी लागू होऊन जिल्ह्यांच्या सीमा बंद झाल्या, आणि २५ मार्चला, गुढीपाडव्याच्या दिवशी, एकवीस दिवसांची देशव्यापी टाळेबंदी सुरू झाली. यांपैकी जिल्ह्याची सीमा बंद होणे या गोष्टीकडे शहरातील वाचकांचे लक्ष जाणार नाही. फर्दापूरसाठी मात्र ती फार मोठी बाब होती. हे गाव जिल्ह्याच्या अगदी कडेला आहे. काही किलोमीटर उत्तरेस असलेले वाकोद आणि त्यापुढील पहूर ही गावे जळगाव जिल्ह्यात मोडतात. जळगाव शहर येथून साठेक किलोमीटर, तर आपल्या जिल्ह्याचे ठिकाण शंभराहून अधिक किलोमीटर. अशा गावाचे नातेसंबंध, बाजार आणि दवाखाने नकाशावरील रेषा पाहून ठरत नाहीत. लेक पलीकडे दिलेली, नेहमीचे डॉक्टर पलीकडचे, आणि मधे अचानक नाका उभा. एसटीची जिल्ह्याबाहेरील प्रवासी वाहतूक पुन्हा सुरू होण्यास २० ऑगस्ट २०२० उजाडला. खासगी वाहनास पासाची अट त्यानंतरही काही दिवस होती.

याच काळात पुण्या-मुंबईकडून माणसे गावांकडे परतू लागली. राज्यातील अनेक खेड्यांनी वेशीवर बाभळीचे काटे टाकून, बैलगाड्या आडव्या लावून रस्ते अडविले. यावर शहरातून पुष्कळ टीका झाली. परंतु १८९६ नंतरच्या प्लेगमध्ये गावे ओस पाडून शेतात झोपड्या घालून राहिलेल्या पिढ्यांची आठवण ग्रामीण महाराष्ट्रात पुसलेली नाही, हे टीकाकारांनी विसरू नये. १३ मार्च २०२० पासून राज्यात लागू झालेला साथरोग अधिनियमही त्याच प्लेगमधला, १८९७ चा. मात्र पर्यटकावर जगणाऱ्या गावाला काट्यांचा हा उपाय दोन्ही बाजूंनी बोचणारा होता. परक्या माणसाचे येणे हेच येथील अन्न, आणि तेच आता भय.

आता रुग्णालयाच्या दृष्टीने महत्त्वाचा भाग. टाळेबंदीत रक्तदाब, मधुमेह, क्षय, अपस्मार, बाळंतपण यांपैकी काहीही थांबलेले नव्हते. मधुमेहाच्या गोळ्यांची पट्टी संपते ती तारीख पाहून, शासकीय आदेश पाहून नाही. आठवड्यातून दोन-तीनदा रक्तशुद्धीकरण करून घेणाऱ्या मूत्रपिंडाच्या रुग्णाला तीन आठवडे थांबा, असे सांगता येत नाही. रक्तदान शिबिरे बंद पडली आणि मार्चमध्येच राज्याच्या आरोग्यमंत्र्यांना रक्तदानाचे आवाहन करावे लागले. थॅलेसेमियाच्या मुलांना रक्त तर ठरल्या दिवशी लागतेच. अनेक ठिकाणी छोटे खासगी दवाखाने भीतीपोटी बंद राहिले. जे उघडे होते तेथे जाण्यास रुग्ण धजावत नव्हते, कारण साधा खोकला झाला तरी आपल्याला उचलून विलगीकरणात नेतील, घराबाहेर फलक लागेल, शेजारी बोलणार नाहीत, ही धास्ती. आरंभी घशातील स्रावाचे नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेकडे जात. अहवाल येईतो घरच्यांनी काढलेला वेळ कोणत्याही तक्त्यात मावणारा नाही.

या धास्तीचे मोजमाप अप्रत्यक्षपणे उपलब्ध आहे. देशात २०१९ साली क्षयरोगाच्या सुमारे २४ लाख रुग्णांची नोंद झाली होती. २०२० मध्ये ती सुमारे १८ लाखांवर आली. क्षय कमी झाला म्हणून हा आकडा उतरलेला नाही. रुग्ण तपासणीस आले नाहीत आणि खोकत घरीच राहिले, हा त्याचा मुख्य अर्थ. अशा रुग्णाचा संसर्ग घरातील मुलांना होतो आणि त्याचा हिशेब पुढे कित्येक वर्षे चालतो.

मदत आलीच नाही असे नाही. एप्रिलपासून अन्नसुरक्षा योजनेतील शिधापत्रिकाधारकांना माणशी पाच किलो धान्य मोफत मिळाले, शिवभोजन थाळी पाच रुपयांना झाली, जनधन खात्यांत स्त्रियांना तीन महिने पाचशे रुपये मिळाले. परंतु फाट्यावरचा छोटा दुकानदार बहुधा केशरी शिधापत्रिकेचा धनी. योजनेबाहेरील केशरी पत्रिकेवर मे व जूनमध्ये गहू आठ आणि तांदूळ बारा रुपये किलोने मिळाला, तोही माणशी पाच किलो. मागायला लाज वाटावी इतपत प्रतिष्ठा आणि मागितल्यावाचून भागू नये इतपत चणचण, अशा मधल्या घरांनी सर्वप्रथम कात्री लावली ती औषधांवर. वृद्ध आईने आपली गोळी एक दिवसाआड घ्यावयाची आणि घरात कोणास सांगावयाचे नाही, हे प्रकार डॉक्टरांना नवे नाहीत. अशा काळात ते वाढतात.

रस्त्याने चालत निघालेल्या मजुरांविषयीही लिहिणे प्राप्त आहे. ८ मे २०२० च्या पहाटे आपल्याच जिल्ह्यात करमाडजवळ रुळांवर झोपलेले मध्यप्रदेशचे १६ मजूर मालगाडीखाली सापडले. ते जालन्याहून भुसावळकडे पायी निघाले होते, कारण तेथून गावाकडे गाडी मिळेल अशी आशा होती. त्यांच्यापैकी कोणाचाही मृत्यू करोनाच्या आकड्यांत मोजला गेला नाही.

विश्वस्तांसाठी यातून एक अवघड प्रश्न उभा राहतो. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक अन्वये धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत व दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखीव असतात. मे २०२० मध्ये महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना राज्यातील सर्व नागरिकांना खुली झाली. खाट होती, योजनाही होती. पण फर्दापूरसारख्या गावातून त्या खाटेपर्यंत येण्यास वाहन नव्हते, पास नव्हता, आणि जावे की नाही हे विचारावे असे ओळखीचे माणूस दूरध्वनीवर नव्हते. राखीव खाट रिकामी राहिली तर नियमाचे पालन होते. रुग्णाचे होत नाही.

दूरध्वनीवरून सल्ला देण्याविषयीची केंद्र शासनाची मार्गदर्शक तत्त्वे २५ मार्च २०२० रोजीच, टाळेबंदीच्या पहिल्या दिवशी, प्रसिद्ध झाली होती. ज्या रुग्णालयांकडे जुन्या रुग्णांची नावे, गावे, दूरध्वनी क्रमांक आणि चालू औषधे यांची नीट नोंद असेल, त्यांनाच त्यांचा लगेच उपयोग होणार होता. देणगीदार यंत्रांसाठी उदारपणे देतात आणि यंत्राच्या पाटीवर नावही येते. नोंदी ठेवणारा कारकून, दीर्घ आजाराच्या रुग्णांसाठी दोन महिन्यांचा जादा औषधसाठा, रात्री निघू शकणारी एक गाडी व तिचा चालक यांच्यासाठी निधी मागितला तर त्यावर पाटी लावता येत नाही, म्हणून तो मागण्याचा संकोच होतो. हा संकोच व्यवस्थापनाने सोडावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

रुग्णांच्या आप्तांनीही एक गोष्ट आजच करून ठेवावी. घरातील प्रत्येक जुन्या रुग्णाच्या औषधाचे मूळ नाव, मात्रा, वेळ आणि शेवटच्या तपासणीची तारीख एका कागदावर ठळक अक्षरांत लिहून तो शिधापत्रिकेसोबत ठेवावा. ‘सकाळची पांढरी गोळी’ एवढ्या वर्णनावरून पलीकडच्या गावातील औषध दुकानदार काही देऊ शकत नाही, आणि कागद हाती असेल तर आशा स्वयंसेविकाही तो दूरध्वनीवर वाचून दाखवू शकते.