इंग्रजी नामांची षष्ठी : एकवचन व अनेकवचन

सन २००० पासून महाराष्ट्रातील मराठी शाळांत इंग्रजीचे अध्यापन पहिल्या इयत्तेपासून होते. तरीही सातवीच्या वह्यांत अपॉस्ट्रॉफीची, म्हणजे अक्षराच्या माथ्याशी येणाऱ्या त्या स्वल्पविरामाची, जागा हमखास चुकलेली आढळते. येथे कानाची मदत होत नाही. एका मुलाचे, अनेक मुलांचे आणि नुसते ‘मुलगे’ या तिन्ही अर्थी उच्चार ‘बॉइज’ असाच होतो. भेद डोळ्यांसच दिसतो. म्हणून हा पाठ फळ्यावर घ्यावा.

प्रथम मालकाचे नाम, एकवचनी वा अनेकवचनी, पूर्ण लिहावे. नंतर चिन्ह द्यावे व पुढे एस लिहावा. अनेकवचनाच्या अंती एस आधीच असेल, तर नुसते चिन्ह पुरे. चिल्ड्रन, मेन, विमेन यांच्या अंती एस नाही. त्यांस तो चिन्हानंतर हवाच. ‘श्रीनिवास’ हे नाम एकवचनी. त्याच्या अंती एस असला तरी चिन्ह व एस दोन्ही द्यावेत. मुलांच्या वसतिगृहावरील पाटीत वायनंतर लगेच चिन्ह दिलेले पुष्कळदा दिसते. त्या वसतिगृहात एकच मुलगा राहतो, असा त्याचा अर्थ होतो!

मराठीत प्रत्यय वस्तूप्रमाणे बदलतो : मुलाचा बैल, मुलाची पाटी, मुलाचे दप्तर. इंग्रजीतील चिन्हास वस्तूशी कर्तव्य नाही. ते मालकांची संख्या पाहते. ही संख्या मराठीत अनुस्वार दाखवितो : ‘मुलाचे’ व ‘मुलांचे’. ही खूण विद्यार्थ्यास अवश्य द्यावी. परंतु ‘वडिलांचे शेत’, ‘गुरुजींची सायकल’ यांतील अनुस्वार आदराचा आहे, हेही त्याच वेळी सांगावे. ‘जनाबाईंचे अभंग’ म्हणताना अभंग अनेक असले, तरी गंगाखेडच्या जनाबाई एकच. वडिलांविषयी एकवचनी बोलण्याची आपल्या मुलांस सवय नाही, आणि ती नसावीच. मात्र ‘फादर’ला आधी एस जोडून मग चिन्ह देणारा विद्यार्थी एका शेतास अनेक बाप करून ठेवतो. अशा उत्तरावर नुसती तांबडी फुली मारल्यास तो गोंधळतो, कारण मराठीच्या रीतीने त्याचे बरोबरच होते. ‘मालक किती?’ एवढेच त्यास विचारावे.

सरावासाठी फळ्यावर द्यावे : शेतकऱ्याचे बैल, शेतकऱ्यांचे बैल, आजोबांची काठी, बायकांची गाणी, आईंचे पत्र. मालकांची संख्या तोंडी सांगितल्यावरच विद्यार्थ्याच्या हाती खडू द्यावा.