पॉवर टिलर का तापतो?

मित्रांनो, आपल्या मावळात भात हे मुख्य पीक आहे. आपला इंद्रायणी तांदूळ वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने १९८७ साली दिला. भाताला आधी चिखलणी लागते. पूर्वी ती बैलांनी करत. आता पुष्कळ जण पॉवर टिलरने करतात.

यंदा आषाढात आमची निम्मी चिखलणी झाली आणि टिलरमधून भसाभसा वाफ निघू लागली. रोपांच्या जुड्या उपटून बांधावर ठेवलेल्या. लावणीला बायाही आल्या होत्या. उपटलेली रोपं जास्त दिवस टिकत नाहीत. म्हणून आप्पांनी आणि चुलत्यांनी बांधावरच दुरुस्ती केली. मी पाने हातात देत होतो.

इंजिन का तापते? डिझेल जळून जी उष्णता होते, तिचा साधारण तिसरा भागच कामाला येतो. बाकीची बाहेर काढावी लागते. ती पाणी घेते. पाणी रेडिएटरच्या जाळीत जाते, तिथे पंख्याचा वारा त्याला थंड करतो. वारा अडला किंवा पाणी कमी झाले की इंजिन तापते.

आप्पांनी केले ते असे :

१) इंजिन बंद करून अर्धा तास थांबले. मी झाकणाजवळ गेलो तर आप्पा ओरडले, "हात लावू नको रे, भाजशील!" आत कुकरसारखा दाब असतो. झाकण काढले तर उकळते पाणी तोंडावर उडते.

२) गार झाल्यावर फडके धरून झाकण हळूहळू सोडले. पाणी बरेच कमी होते. नळी बघितली, ती फुटलेली नव्हती.

३) जाळीत चिखल आणि काड्या गच्च बसल्या होत्या. मऊ ब्रशने आणि पाण्याने त्या काढल्या. जोरात घासले तर जाळीचे पत्रे वाकतात.

४) पंख्याचा पट्टा अंगठ्याने दाबला. तो फार ढिला होता. तो ताणून बसवला.

५) पट्टीने तेल तपासले आणि मग स्वच्छ पाणी भरले. तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतू नये, लोखंडाला तडा जातो.

टिलर सुरू केला. वाफ आली नाही. दिवस मावळायच्या आत लावणी उरकली.

लोणावळ्याच्या बंगल्यांत गवत कापायची यंत्रे असतात. त्यांतली पुष्कळ वाऱ्यानेच थंड होतात. त्यांच्या पात्यांसारख्या कडांत गवत अडकले की तीही तापतात. खंडाळ्याच्या घाटात बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या आपण पाहतो. चढावर इंजिनाला जास्त काम पडते, म्हणून त्या तापतात.

पालकांना विनंती, रोज काम सुरू करण्यापूर्वी पाणी, तेल आणि जाळी बघा. आणि मित्रांनो, तुम्ही गरम झाकणापासून लांब राहा.

— इयत्ता ४ थी