सातासमुद्रांपलीकडची अर्पणपत्रिका

महात्मा जोतीराव फुले यांचा ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ १८७३ साली प्रसिद्ध झाला. ग्रंथाचा विषय येथील शूद्रातिशूद्रांची अवस्था हा होय. आणि त्याचा बहुतेक भाग जोतीराव व धोंडीबा यांच्यातील संवादाच्या रूपाने लिहिलेला आहे. परंतु ग्रंथ उघडताच वाचकाची नजर प्रथम खिळते ती अर्पणपत्रिकेवर. त्या काळी ग्रंथ बहुधा एखाद्या आश्रयदात्याला, संस्थानिकाला किंवा सरकारी अधिकाऱ्याला अर्पण केला जाई. जोतीरावांनी आपला ग्रंथ अर्पण केला तो अमेरिकेतील संयुक्त संस्थानांतील सज्जन लोकांना. कृष्णवर्णीयांना दास्यातून सोडविण्यासाठी त्या लोकांनी जो स्वार्थत्याग केला, त्याबद्दलचा आदर व्यक्त करून, आपल्या देशबांधवांनीही तोच कित्ता गिरवावा अशी आशा त्यांनी तेथे प्रकट केली आहे.

जोतीरावांनी अमेरिका कधी पाहिली नव्हती. पुणे, मुंबई आणि आसपासचे जिल्हे हाच मुख्यतः त्यांच्या वावराचा मुलूख. तरीही हजारो कोसांवरील एका राष्ट्रात कोणता लढा झाला, तो कोणासाठी झाला आणि त्यातून आपण काय घ्यावयाचे, हे या पुणेकराला नेमके उमगले होते. हे ज्ञान त्यांना मुख्यतः वाचनातून मिळाले.

जोतीरावांचा जन्म १८२७ सालचा. वडिलांचा व्यवसाय फुलांचा व भाजीपाल्याचा. मुलाने शिकून काय करावयाचे, असे वाटून वडिलांनी त्यांना शाळेतून काढले होते. परंतु शेजारच्या जाणत्या माणसांनी समजूत घातल्यावर १८४१ मध्ये ते स्कॉटिश मिशनच्या इंग्रजी शाळेत जाऊ लागले. तेथील शिक्षण १८४७ च्या सुमारास संपले. याच काळात सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्यासारख्या मित्रांच्या संगतीत त्यांनी एक इंग्रजी ग्रंथ वाचला. तो ग्रंथ म्हणजे टॉमस पेनचा ‘राइट्स ऑफ मॅन’, अर्थात ‘मानवाचे हक्क’.

पेन हा इंग्लंडमधील एका कारागिराचा मुलगा. तो १७७४ साली अमेरिकेस गेला आणि जानेवारी १७७६ मध्ये एक लहानसे पुस्तक लिहून त्याने तेथील वसाहतींना स्वातंत्र्याचा मार्ग दाखविला. ‘मानवाचे हक्क’ हा त्याचा ग्रंथ १७९१ व १७९२ साली दोन भागांत निघाला. माणसाचे हक्क त्याला कोणा राजाने बहाल केलेले नसतात, ते जन्मतःच त्याचे असतात. आणि वंशपरंपरेने चालत आलेली सत्ता बुद्धीला पटणारी नाही, हे त्यातील मुख्य प्रतिपादन. गणिताचे ज्ञान किंवा काव्यप्रतिभा वारसाहक्काने मिळत नाही. मग राज्य चालविण्याची पात्रता कशी मिळेल, असा त्याचा बिनतोड सवाल होता.

या ग्रंथात पुण्याचा किंवा जातिभेदाचा शब्दही नाही. पेनच्या डोळ्यांपुढे होते युरोपातील राजे आणि उमराव. परंतु जन्माने एक मनुष्य दुसऱ्याहून श्रेष्ठ ठरतो काय, हा त्याचा प्रश्न पुण्याच्या पेठांतही तितकाच जिवंत होता. केवळ परीक्षेपुरते वाचणाऱ्याला त्यात फ्रान्सची राज्यक्रांती दिसली असती व तेवढ्यावरच तो थांबला असता. जोतीरावांना मात्र तो प्रश्न आपल्या दाराशी उभा असलेला दिसला. पुढे १८४८ साली त्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली व सावित्रीबाई तेथे शिकवू लागल्या. या कार्याची प्रेरणा एकट्या पेनला देणे योग्य होणार नाही. अहमदनगर येथे अमेरिकन मिशनने चालविलेली मुलींची शाळाही जोतीरावांनी पाहिली होती. वाचलेले व पाहिलेले असे एकमेकांना दुजोरा देत गेले.

परदेशी राजकारणावरील ग्रंथ हा बहुधा कोणाला तरी दिलेले उत्तर असते. पेनचा ग्रंथही एडमंड बर्क या ब्रिटिश मुत्सद्द्याला दिलेले उत्तर होते. बर्कने १७९० साली फ्रान्समधील क्रांतीवर कडाडून टीका केली होती आणि जुन्या संस्था एकाएकी मोडू नयेत असे बजावले होते. तेवढ्यावरून बर्कला जुलमाचा कैवारी समजणे मात्र चुकीचे ठरेल. ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारात वॉरन हेस्टिंग्जने हिंदी लोकांवर अन्याय केले, असा आरोप ठेवून त्याच्यावर पार्लमेंटपुढे वर्षानुवर्षे खटला चालविणारा प्रमुख वक्ता हाच बर्क होता. उलट पेनचे चरित्र पाहावे. त्याच्या ग्रंथाबद्दल इंग्लंडच्या न्यायालयाने त्याला त्याच्या गैरहजेरीत दोषी ठरविले, तर फ्रान्सने त्याला आपल्या प्रतिनिधिसभेत निवडून दिले. त्याच सभेत त्याने पदच्युत राजाला फाशी देऊ नये असे आग्रहाने मांडले. आणि क्रांतिकारकांनीच १७९३ च्या अखेरीस त्याला तुरुंगात टाकले. एका बाजूस देव व दुसऱ्या बाजूस दैत्य अशी वाटणी पुराणकथेत शोभते. राजकारणाच्या वाचकाला ती फार काळ उपयोगी पडत नाही.

जोतीराव पुण्यात शाळा चालवीत असताना अमेरिकेत गुलामगिरीचा प्रश्न चिघळत होता. १८६० च्या शिरगणतीच्या वेळी तेथे सुमारे ४० लाख माणसे गुलामीत होती. दक्षिणेकडील कापसाचे मळे त्यांच्याच घामावर पिकत. १८६१ मध्ये उत्तर व दक्षिण यांच्यात यादवी युद्ध पेटले. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे अडविली. आणि इंग्लंडमधील लँकेशायरच्या गिरण्या कापसावाचून उपाशी पडू लागल्या. तेव्हा गिरणीमालकांची दृष्टी हिंदुस्थानकडे वळली. मुंबईच्या बाजारात कापसाचे भाव कडाडले, खानदेश-वऱ्हाडातील कापूस गाड्या भरभरून बंदराकडे निघाला, आणि शेअरांच्या सट्ट्याला मुंबईत ऊत आला. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले, आणि कालचे लक्षाधीश दिवाळखोर ठरले. आपल्या शेतातील बोंडाचा भाव सातासमुद्रांपलीकडच्या रणांगणावर ठरत आहे, हे ठाऊक असलेले शेतकरी त्या वेळी किती असतील? बातम्या येत त्याही आगबोटीच्या टपालाने, कित्येक आठवड्यांनी, आणि त्या वाचू शकणारा गावात एखादाच असे.

मुंबईच्या बहुतेक व्यापाऱ्यांच्या लेखी हे युद्ध म्हणजे कापसाचा भाव होता. जोतीरावांनी त्यातून माणसांच्या सुटकेची गोष्ट वेचून घेतली. राष्ट्राध्यक्ष लिंकन यांचा मुक्तीचा जाहीरनामा १ जानेवारी १८६३ रोजी निघाला. तो बंडखोर संस्थानांपुरताच होता. संपूर्ण देशातील गुलामगिरी कायद्याने नष्ट झाली ती डिसेंबर १८६५ मधील घटनादुरुस्तीने. तोपर्यंत सहा लाखांहून अधिक सैनिक प्राणास मुकले होते.

‘गुलामगिरी’च्या प्रस्तावनेत जोतीरावांनी अमेरिकेतील दास आणि येथील शूद्रातिशूद्र यांच्या अवस्था शेजारी ठेवून पाहिल्या आहेत. साम्य दाखविताना भेद सांगण्यास ते विसरले नाहीत: तिकडच्या लोकांना जुलमाने धरून गुलाम केले गेले, तर इकडच्यांना जिंकून दास केले गेले, असे त्यांचे म्हणणे. दास्यातून सुटल्याचा आनंद दास्य भोगलेल्यालाच खरा कळतो, हेही त्यांनी तेथे आवर्जून सांगितले. एक साम्य तर अंगावर काटा आणणारे होते. अमेरिकेच्या दक्षिण भागातील अनेक संस्थानांत गुलामाला लिहावाचावयास शिकविणे हा कायद्याने गुन्हा होता. फ्रेडरिक डग्लस या मुलाला मालकीण अक्षरे शिकवू लागली, तेव्हा मालकाने तिला अडविले. पुढे गुलामीतून निसटून त्याने १८४५ साली लिहिलेले आत्मचरित्र जगभर गाजले. शूद्राला विद्या देऊ नये, हा दंडक पुण्याच्या वाचकाला कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

१८७३ च्या वाचकाला एक गोष्ट मात्र कळणे शक्य नव्हते. अर्पणपत्रिका लिहिली गेली तेव्हा अमेरिकेत कृष्णवर्णीय पुरुषांना मताचा अधिकार मिळालेला होता व त्यांचे प्रतिनिधी विधिमंडळांत बसत होते. परंतु १८७७ मध्ये दक्षिणेतून केंद्राचे लष्कर मागे घेण्यात आले आणि दिलेले हक्क एकेक करून हिरावले गेले. मताधिकारासाठी कर भरण्याची अट आली. वाचनाची परीक्षाही आली, आणि ती घेणारा अधिकारी ज्याला वाटेल त्याला नापास करी. ज्यांना पिढ्यान् पिढ्या अक्षरओळखीपासून दूर ठेवले, त्यांच्याच पुढे वाचनाची भिंत उभी करण्यात आली! शाळा व आगगाडीचे डबे वेगळे झाले. ही भिंत पाडण्यासाठी १९६४ व १९६५ सालचे कायदे व्हावे लागले. जोतीराव १८९० मध्येच निवर्तले होते. तेव्हा अमेरिकेच्या कथेचे पुढचे प्रकरण दुसऱ्या कोणी तरी वाचणे भाग होते.

ते वाचले डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी. १९१३ ते १९१६ या काळात ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. शूद्रांच्या मूळ इतिहासावरील आपला १९४६ सालचा इंग्रजी ग्रंथ त्यांनी जोतीरावांच्या स्मृतीला अर्पण केला. त्याच वर्षी त्यांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस या कृष्णवर्णीय अमेरिकन विद्वानाला एक पत्र पाठविले. आपण त्यांचे लेखन वाचत आलो आहोत, अमेरिकेतील कृष्णवर्णीयांची व भारतातील अस्पृश्यांची स्थिती पुष्कळ मिळतीजुळती आहे, असे त्यात लिहून, कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाच्या दोन-तीन प्रती त्यांनी मागविल्या होत्या. जुलै महिना संपता संपता ड्यू बॉइस यांचे उत्तर निघाले. भारतातील अस्पृश्यांविषयी आपल्याला पूर्ण सहानुभूती आहे, असे त्यात लिहिले होते. आणि सोबत मागितलेला अर्ज होता.