वजन कमी करायचे, पण जपून



मधल्या सुट्टीत काही डबे न उघडताच परत जातात, असे अलीकडे आम्हाला दिसते. विचारले तर उत्तर मिळते, "वजन कमी करायचंय." म्हणून या अंकातील आरोग्यपाठ याच विषयावर.

प्रथम मोठ्यांविषयी. किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की शरीरभार निर्देशांक मिळतो. उंची १.६० मीटर आणि वजन ६४ किलो असेल, तर ६४ ÷ २.५६ = २५. भारतीय प्रौढांसाठी २३ च्या पुढे वजन जास्त व २५ पासून स्थूलता मानतात. पोटाचा घेर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सें.मी.पर्यंत असावा, कारण पोटावरची चरबी मधुमेह व हृदयविकाराला आमंत्रण देते.

आता थोडे गणित. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० उष्मांक असतात. दिवसातील तीन कप चहात दोन-दोन चमचे साखरेऐवजी एकेक चमचा घातला, तर ६० उष्मांक वाचतात. फोडणीतून प्रत्येकाच्या वाट्याचे दोन चहाचे चमचे तेल कमी केले की ९०. अर्धा तास भरभर चालल्यास सुमारे १००. एकूण २५०, म्हणजे महिन्याला साधारण एक किलो. पुढे वेग मंदावतो, कारण हलक्या शरीराला ऊर्जा कमी लागते. तेव्हा निराश होऊ नये. ८० किलोच्या माणसाने चार किलो जरी उतरवले, तरी रक्तदाब व साखर सुधारू लागते.

मोठ्यांनीही आठवड्याला अर्धा ते एक किलोपेक्षा घाई करू नये. उपाशी राहून झटपट वजन उतरवले, तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात, पित्ताशयात खडे होऊ शकतात आणि गेलेले वजन बहुधा परत येते. साबुदाण्याची खिचडी आणि बटाट्याच्या वेफर्सवर केलेल्या उपवासाने तर वजन मुळीच उतरत नाही! मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण टाळू नये.

मुलांचे गणित मात्र वेगळे. वाढत्या वयात उंची वाढते, तेव्हा अनेकदा वजन आहे तेथेच स्थिर ठेवणे पुरेसे असते. वरचे आकडे मुलांना लावू नयेत. त्यांच्यासाठी वयानुसार तक्ते असतात आणि ते बालरोगतज्ज्ञांनी पाहावेत. डबा टाळल्याने लोह, कॅल्शियम व प्रथिने कमी पडतात, वर्गात लक्ष लागत नाही आणि संध्याकाळी भूक शेव-कचोरीवर तुटून पडते.

आपल्या इंदूरात पोहे-जिलबी सोडा असे कोण सांगणार? पोह्यांत मटार व शेंगदाणे घालावेत, शेव चिमूटभर भुरभुरावी, जिलबी रविवारी खावी. रोज वरण किंवा उसळ, पालेभाजी, काकडी-टोमॅटोची कोशिंबीर, पोळी आणि ताक असावे. मुलांनी रोज एक तास घाम येईपर्यंत खेळावे आणि पुरेशी झोप घ्यावी.

पालकांना एक विनंती. मुलाला "जाड्या" म्हणू नका आणि त्याच्या एकट्याच्या ताटातले कमी करू नका. बदल साऱ्या घराने करावा. मूल जेवण लपवत असेल किंवा टाळत असेल, तर रागावण्याआधी त्याच्याशी बोला आणि डॉक्टरांना दाखवा.

घरी करून पाहा : आपल्या घरात महिन्याला किती तेल व साखर लागते ते मोजा, माणसांच्या संख्येने भागा आणि आलेले उत्तर वहीत लिहून आणा.