स्पोर्ट्‌स कारचे इंजिन आणि 'सिंथेटिक' तेलाची पारख

आपल्या छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे औरंगाबादेत, वेगवान गाड्यांची आवड नवी नाही. शेंद्र्याच्या कारखान्यात २००१ पासून स्कोडा ऑक्टाव्हिया जोडली जाऊ लागली. पुढे त्याच ठिकाणी ऑडीच्या गाड्याही तयार होऊ लागल्या. २०१० मध्ये येथील उद्योजक आणि व्यावसायिकांनी एकत्र येऊन दीडशे मर्सिडीज गाड्या एकदम खरेदी केल्या, ती बातमी देशभर गाजली. अशा गाड्या कालांतराने दुसऱ्या-तिसऱ्या हातात जातात आणि आपल्या तरुण व्यापाऱ्यांच्या आवाक्यात येतात. २००४ च्या पिढीची ऑक्टाव्हिया आरएस (१.८ लिटर टर्बो, १५० अश्वशक्ती) किंवा २०१७ मध्ये आलेली २३० अश्वशक्तीची आरएस आजही शौकीन मंडळी शोधत असतात.

जुनी गाडी कंपनीच्या वर्कशॉपमधून निघाली की ती आपल्या मिस्त्रीच्या हाती येते. तेल बदलण्याची वेळ आली की मिस्त्री विचारतो, "सेठ, सिंथेटिक टाकू ना?" सेठ म्हणतो, "हो, चांगल्यातले टाक." एवढ्या दोन वाक्यांवर लाखो रुपयांच्या इंजिनाचा निकाल लागतो. पुढे टर्बो बसला तर गिऱ्हाईक मिस्त्रीकडे बोट दाखवते, मिस्त्री दुकानदाराकडे आणि दुकानदार कंपनीकडे. भरपाईची वेळ आली तर लहान गॅरेजवाल्याची वर्षाची कमाई त्यात जाऊ शकते. म्हणून हा विषय गाडीच्या मालकाइतकाच कारागीर आणि ऑइल विक्रेता यांचाही आहे.

प्रथम 'सिंथेटिक' या शब्दाचा अर्थ पाहू. मूळ तेलाचे पाच गट मानले जातात. पहिला गट साध्या शुद्धीकरणाचा, दुसरा त्याहून स्वच्छ. तिसऱ्या गटात खनिज तेलावरच हायड्रोजन आणि प्रचंड दाब यांची प्रक्रिया करून त्याची रचना बदललेली असते. चौथ्या गटाचे तेल म्हणजे पीएओ. ते रसायनांपासून कारखान्यात घडवले जाते. पाचव्या गटात एस्टर वगैरे बाकीचे सारे येतात. पूर्वी सिंथेटिक म्हटले की चौथा आणि पाचवा गट असाच अर्थ होता. अमेरिकेत कॅस्ट्रॉलने तिसऱ्या गटाचे तेल सिंथेटिक म्हणून विकायला सुरुवात केली, तेव्हा मोबिलने जाहिरातींच्या तक्रारी ऐकणाऱ्या संस्थेकडे हरकत घेतली. १९९९ मध्ये निर्णय कॅस्ट्रॉलच्या बाजूने लागला. तेव्हापासून डब्यावरच्या या शब्दाने आत नेमके काय आहे ते कळत नाही.

आपल्या शहराला हे उदाहरण कापडावरून चटकन समजेल. हिमरू हे किनखाबाला स्वस्त पर्याय म्हणून विणले गेले, ताणा सुताचा आणि बाणा रेशमाचा. पण ते हिमरू म्हणूनच विकले गेले आणि स्वतःच्या नावाने इज्जत मिळवून बसले. कोणी त्याला किनखाब म्हणून विकले नाही. तेलाच्या बाजारात तिसऱ्या गटाला चौथ्याचे नाव मिळाले, एवढाच फरक. तिसऱ्या गटाचा माल वाईट असतो असे मात्र समजू नये. चांगल्या रसायनांची जोड दिलेले तिसऱ्या गटाचे तेल कठीण चाचण्या पार करते आणि मोठमोठ्या कंपन्यांची मंजुरीही मिळवते. म्हणून शब्दावर भांडत बसण्यापेक्षा चाचणी विचारावी.

आता आकडे. ५ डब्ल्यू-४० असे लिहिलेले असते, त्यातला पहिला आकडा थंडीचा. ५ डब्ल्यूची एक चाचणी उणे ३० अंशांवर होते, २० डब्ल्यूची उणे १५ वर. आपल्याकडे हिवाळ्यात पारा दहाच्या खाली गेला तरी थंडी वाढली म्हणतात, मग ५ डब्ल्यू कशाला, असा प्रश्न जुने मिस्त्री करतात. उत्तर असे की सकाळी सेल्फ मारल्यावर पातळ तेल वरच्या कॅमपर्यंत आणि टर्बोच्या बेअरिंगपर्यंत लवकर पोहोचते. दुसरा आकडा गरम इंजिनाचा. १०० अंशांना तेलाचा दाटपणा किती राहतो, ते त्यावरून कळते.

टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो, आणि तो तरंगतो केवळ तेलाच्या थरावर. शेजारून जाणारा धूर ९०० अंशांच्या आसपास तापलेला असतो. साधे तेल तिथे जळून कोळसा धरते, नळी अरुंद होते आणि टर्बो उपाशी मरतो. म्हणून १५० अंशांना थर किती टिकतो, याची वेगळी चाचणी असते. युरोपच्या ए३/बी४ या दर्जाला त्यात किमान ३.५ चा आकडा लागतो. अ‍ॅम्बेसेडरच्या काळापासून आपल्याकडे 'जाड तेल म्हणजे मजबूत तेल' हा समज आहे. त्या समजापोटी काही जण अशा इंजिनात २० डब्ल्यू-५० ओततात. त्याने सकाळच्या पहिल्या काही क्षणांची झीज वाढते, आणि टर्बोच्या कोळशावर इलाज होत नाही.

कामाची गोष्ट डब्याच्या पाठीमागे बारीक अक्षरात असते. जुन्या ऑक्टाव्हिया आरएसला व्हीडब्ल्यू ५०२ ०० ही मंजुरी असलेले तेल हवे. धूर गाळणाऱ्या फिल्टरच्या नव्या गाड्यांसाठी ५०४ ०० आहे, त्यात राख कमी राहते. ५०८ ०० हे ० डब्ल्यू-२० असे फार पातळ तेल असून ते त्याच्यासाठीच बांधलेल्या इंजिनात घालावे, जुन्या आरएसमध्ये कदापि नाही. मर्सिडीजच्या पेट्रोल इंजिनांना बहुधा एमबी २२९.५ लागते. नक्की कोणते, ते गाडीसोबतच्या पुस्तकात छापलेले असते. पुस्तक हरवले असेल तर आधी ते मिळवावे.

इथे एक बारकावा आहे. एका डब्यावर 'अप्रूव्हल' या शब्दाखाली हा क्रमांक असतो, दुसऱ्यावर 'मीट्स' किंवा 'सूटेबल फॉर' याखाली. पहिल्याचा अर्थ गाडीच्या कंपनीने तेल तपासून लेखी मंजुरी दिली. दुसऱ्याचा अर्थ तेल विकणाऱ्याने स्वतःच सांगितले की आमचे तेल चालेल. दोन्ही डबे फळीवर शेजारी असतात, भावात फरक कधी फारसा नसतो. विक्रेत्याने गिऱ्हाईकाला हा फरक सांगून माल द्यावा.

एपीआयचा दर्जाही पाहावा. 'एस' पेट्रोलसाठी, 'सी' डिझेलसाठी. २०२० मध्ये एसपी आणि २०२५ मध्ये एसक्यू हा दर्जा आला. नव्या थेट-इंधन टर्बो इंजिनात कमी फेऱ्यांवर जोर दिला की ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटून पिस्टन फुटण्याचा धोका असतो, त्याची चाचणी एसपीमध्ये आहे. गॅरेजमध्ये ट्रकसाठी ठेवलेल्या बॅरलमधले १५ डब्ल्यू-४० डिझेल तेल अशा गाडीत ओतणे किती गैर आहे, हे यावरून समजावे. मोटारसायकलचे तेलही वेगळे. ते ओल्या क्लचच्या हिशेबाने बनवलेले असते.

बिल जपण्याचा मुद्दा अनेकांना क्षुल्लक वाटतो. याच घराण्याच्या १.८ टर्बो इंजिनात तेलाचा गाळ साचण्याच्या तक्रारी अमेरिकेत पासाट आणि ऑडी ए४ या गाड्यांत आल्या. २००४ मध्ये कंपनीने तिथे गाळापुरती हमी आठ वर्षांपर्यंत वाढवली. पण वेळच्या वेळी तेल बदलल्याचे कागद मालकाला दाखवावे लागत. आपल्याकडे बिलाशिवाय शंभर-दोनशे रुपये वाचतात म्हणून खूश होणारे पुष्कळ आहेत. मिस्त्रीने तर जीएसटी बिलाची एक प्रत आणि गाडीचे किलोमीटर वहीत टिपून ठेवावेत. वाद झाला तर तीच वही त्याचा साक्षीदार.

बनावट माल हा वेगळाच त्रास. नक्कल करणाऱ्याला तेलापेक्षा खरा डबा मिळवणे अवघड असते, आणि तो आपणच भंगारात देतो. रिकामा डबा बाहेर देण्यापूर्वी गळ्यापाशी कापावा. विकत घेताना झाकणाची कडी अखंड आहे का, तारीख आणि बॅच क्रमांक खोडलेला तर नाही ना, ते पाहावे.

तेल किती दिवसांनी बदलावे? कंपनी १५,००० किलोमीटर किंवा एक वर्ष म्हणते. आठवडाभर उभी राहून शुक्रवारी किंवा रविवारी शहरातच फिरणाऱ्या गाडीच्या तेलात ओल आणि पेट्रोल उतरते. अशा गाडीचे किलोमीटर मोजू नयेत, वर्ष मोजावे. दहा-बारा वर्षे जुन्या टर्बोसाठी मी तर ७-८ हजारांवर बदला असेच म्हणेन.

समृद्धी महामार्गावर १२० ची मर्यादा सांभाळूनही तासन्‌तास इंजिन तापलेले राहते. उतरल्यावर किंवा पंपावर थांबल्यावर लगेच चावी फिरवू नये, मिनिटभर इंजिन हळू चालू द्यावे, म्हणजे टर्बोतले तेल फिरत राहून थंड होते. शिवाय ही इंजिने तेल पितात. कंपनीच्या पुस्तकात हजार किलोमीटरमागे अर्ध्या लिटरपर्यंत खप चालतो असे म्हटले आहे. म्हणून निघण्यापूर्वी गेज काढून पाहावा, आणि त्याच मंजुरीच्या तेलाचा एक लिटरचा डबा डिकीत ठेवावा.