खपासाठी निघालेली शर्यत

एखाद्या नव्या उपक्रमाचे नाव लोकांच्या कानी जावे, म्हणून स्पर्धा भरविण्याची रीत जुनी आहे. आज संकेतस्थळेही याच हेतूने स्पर्धा भरवितात. बक्षिसे वाटून झाली, की अशा बहुतेक स्पर्धांचा लोकांना विसर पडतो. काही थोड्या मात्र आपल्या जन्मदात्यांच्या मागेही जिवंत राहतात. फ्रान्समधील ‘तूर द फ्रान्स’ ही सायकलींची शर्यत त्यांपैकीच एक. तिचा जन्म एका वृत्तपत्राच्या अडचणीतून झाला.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये सायकलीचे मोठे वेड होते. ‘ल व्हेलो’ हे क्रीडाविषयक दैनिक तेव्हा अग्रेसर होते. त्याच्या संपादकाशी मतभेद झाल्यामुळे काही कारखानदारांनी १९०० साली ‘लोतो-व्हेलो’ नावाचे दुसरे दैनिक काढले आणि आंरी देग्रांज यांना संपादक नेमले. देग्रांज स्वतः नामांकित सायकलपटू होते. जुने पत्र हिरव्या कागदावर छापले जाई. नव्याने पिवळा कागद पसंत केला. परंतु कागदाचा रंग बदलल्याने वाचक मिळत नाहीत. खप सुमारे २५,००० च्या पुढे जाईना. त्यातच नावाच्या साम्यावरून दावा लागला व जानेवारी १९०३ मध्ये नावातील ‘व्हेलो’, म्हणजे सायकल, हा शब्द गाळणे भाग पडले. पत्र नुसते ‘लोतो’ उरले.

या विवंचनेत असताना जेओ लफेव्र या तरुण बातमीदाराने एक कल्पना सुचविली होती : संपूर्ण फ्रान्सला वळसा घालणारी, अनेक दिवस चालणारी शर्यत भरवावी! त्या काळी रेडिओ नव्हता. आज कोण पुढे गेला, कोण वाटेत पडला, हे जाणण्यास वृत्तपत्रावाचून दुसरा मार्ग नव्हता. शर्यत जितके दिवस चालेल, तितके दिवस वाचक सकाळी पत्राची वाट पाहील, हे त्या कल्पनेचे मर्म होते. १९ जानेवारी १९०३ रोजी शर्यतीची घोषणा झाली.

प्रारंभी प्रतिसाद निराशाजनक होता. इतके दिवस घरदार व काम सोडून कोण येणार? तेव्हा देग्रांज यांनी शर्यत जुलैपर्यंत पुढे ढकलली, प्रवेशशुल्क २० फ्रँकांवरून १० वर आणले आणि स्पर्धकांना दैनिक भत्ताही देऊ केला. १ जुलै रोजी पॅरिसजवळील मोंजरों येथून ६० स्वार निघाले. सहा टप्पे आणि २,४२८ किलोमीटरांची वाट! रस्ते धुळीचे, सायकली जड; टप्पे इतके लांब की रात्रीही पायडल मारावे लागे. शेवटपर्यंत पोचले केवळ २१ जण. लहानपणी धुराडी साफ करण्याचे काम केलेला मोरीस गारँ सुमारे तीन तासांच्या आघाडीने विजयी झाला. ‘लोतो’चा खप सुमारे ६५,००० वर गेला. पुढच्याच वर्षी ‘ल व्हेलो’ बंद पडले.

हेतू साधला, पण खरी कसोटी यापुढेच होती. १९०४ च्या शर्यतीत लोकांचा उत्साह विवेकाची मर्यादा ओलांडून गेला. आपल्या गावचा स्वार जिंकावा म्हणून काहींनी रात्रीच्या अंधारात इतर स्वारांना मारहाण केली. कोणी रस्त्यावर खिळे पसरले. काही स्पर्धक चक्क आगगाडीत बसल्याचे आरोप झाले. चौकशीनंतर फ्रान्सच्या सायकल महासंघाने पहिल्या चारही विजेत्यांना बाद ठरविले. गारँही त्यांत होता. पाचव्या आलेल्या आंरी कोर्ने याला विजेता घोषित केले गेले. शर्यतीच्या वेळी त्याला वीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती.

शर्यत आपल्या यशानेच मेली, असे देग्रांज यांनी खेदाने लिहिले. तथापि ते निराश होऊन बसले नाहीत. १९०५ साली त्यांनी टप्पे लहान करून त्यांची संख्या अकरा केली, म्हणजे अंधारात लबाडीला वाव राहू नये. वेळेऐवजी क्रमांकानुसार गुण देण्याचेही ठरविले. त्या वर्षीही रस्त्यावर खिळे पडलेच. पण शर्यत सावरली. १९१९ पासून आघाडीवरील स्वारास पिवळा अंगरखा मिळू लागला. ‘लोतो’चा कागदही पिवळाच होता!

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४ मध्ये, ‘लोतो’ बंद झाले. शर्यत मात्र १९४७ साली पुन्हा सुरू झाली आणि ती आजही होते. जाहिरातीने गर्दी जमविता येते. तिचा विश्वास मात्र न्यायानेच जिंकावा लागतो. बक्षीस कितीही मोठे असो, निकाल खरा आहे अशी लोकांची खात्री नसेल, तर ज्याच्या नावासाठी स्पर्धा भरविली, त्याच्याच नावाला तिच्यामुळे बट्टा लागतो.

स्वाध्याय

१. लांबलचक शर्यतीमुळे वृत्तपत्राचा खप का वाढला?
२. १९०५ साली टप्पे लहान का करण्यात आले?
३. ‘शर्यत आपल्या यशानेच मेली’ या म्हणण्याचा अर्थ स्पष्ट करा.
४. तुमच्या शाळेच्या वाचनालयाकडे मुलांचे लक्ष वेधण्यासाठी एक स्पर्धा योजा व तिचे पाच नियम लिहा.