वायपर की मोतीबिंदू?

चिपळूणच्या एका वाचकांचं पत्र आहे. वय बासष्ट, गाडी जुनी मारुती ८००. मुलीकडे कराडला जाताना कुंभार्ली घाटात पाऊस लागला आणि अंधारून आलं, की समोरचं धड दिसत नाही. समोरून ट्रक आला की सगळं पांढरं होतं. त्यांनी सरळ विचारलंय, ‘डॉक्टर, वायपर बदलू की डोळे दाखवू?’

प्रश्न मला आवडला, कारण बहुतेक जण यातला अर्धाच विचारतात. पावसाळ्यात ‘रात्री दिवे डोळ्यांवर येतात’ म्हणून येणाऱ्या काहींना मी चष्म्याच्या नंबराआधी वायपरचं रबर कधी बदललं ते विचारतो. दर जूनला नवे ब्लेड बसवणाऱ्या आणि गॅरेजवाल्याशी वाद घालणाऱ्यांपैकी काहींचा दोष मात्र शेवटी मोतीबिंदूत सापडतो.

म्हणून आधी दोघांना वेगळं करा. रात्री पावसात गाडी सुरक्षित जागी उभी करा आणि काचेतून रस्त्यावरच्या एखाद्या दिव्याकडे पाहा. मग खाली उतरून आडोशाला उभे राहा, चष्मा कोरडा पुसा आणि तोच दिवा पुन्हा पाहा. दिव्याभोवतीचं कडं आणि उजेडाचे फाटे नाहीसे झाले, तर दोष गाडीच्या काचेत. तसेच राहिले, तर डोळ्यांत किंवा चष्म्यात. आता एकेक डोळा हाताने झाकून पाहा. दोन्ही डोळे उघडे असताना चांगला डोळा वाईट डोळ्याचं दुखणं झाकून टाकतो.

आधी गाडी तपासू. काचेवरच्या खुणा नीट वाचल्या तर निम्मं निदान तिथेच होतं. वायपर फिरल्यावर बारीक रेघा उरत असतील, तर रबराची कड फाटली आहे किंवा तिच्यात कचरा अडकला आहे. ओल्या कापडाने कड पुसा आणि बोट फिरवून पाहा. कडक, चिरलेली लागली तर रबर संपलं. आपल्याकडे ते झिजून कमी आणि उन्हाने जास्त मरतं. आठ महिने नुसतं तापत पडतं आणि पहिल्या सरीला आपण त्याच्याकडून कामाची अपेक्षा करतो.

रेघांऐवजी दुधी थर पसरत असेल, तर काच तेलकट आहे. डिझेलचा धूर, गाडी पुसताना लागलेलं पॉलिश, हे सगळं काचेवर बसतं. साबणाच्या पाण्याने काच बाहेरून धुवा आणि आतूनही पुसा. आतल्या बाजूचा थर कुणाच्या लक्षातच येत नाही. थरथरत, कुरकुरत फिरणाऱ्या वायपरचं कारणही कधी हाच थर असतो, कधी वाकलेला दांडा. मधलाच एक पट्टा पुसला जात नसेल, तर दांड्याच्या स्प्रिंगचा दाब कमी पडतोय. कोकणच्या खाऱ्या दमट हवेत ही स्प्रिंग लवकर गंजते, तेव्हा नुसता ब्लेड बदलून भागत नाही.

आता वायपर नीट फिरतच नसेल तर. दोन्ही ठप्प असतील तर पहिल्यांदा फ्यूज. फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल, तर मोठा फ्यूज किंवा तार लावून वेळ मारून नेऊ नका. थर्मामीटर फोडून ताप जात नाही. कुठेतरी मोटर जाम आहे किंवा वायर घासली आहे. मोटरचा आवाज येतो पण वायपर हलत नाहीत, तर आतले जोडदांडे निखळलेत. एकच हलतो, तर दुसऱ्याच्या बुडाचा नट ढिला आहे किंवा तिथले दाते झिजलेत. बटण बंद केल्यावर वायपर खाली न येता काचेच्या मध्येच थांबतो, तेव्हा दोष बहुधा मोटरमधल्या थांबवणाऱ्या संपर्कात असतो. दोन्ही संथ झाले की लोक लगेच मोटर बदलतात. तशी घाई करू नका. हेडलाइट लावल्यावर ते आणखी मंदावत असतील तर बॅटरी आणि अर्थिंग तपासून घ्या. नाहीतर दांड्यांचे बुश गंजून आवळले आहेत का, ते मेकॅनिकला पाहायला सांगा.

काच आतून धुरकटत असेल, तर त्यात वायपरचा काहीच दोष नाही. एसी असेल तर लावून हवा काचेवर सोडा, नसेल तर खिडकी थोडी उघडा. आणि कोरड्या, धुळकट काचेवर वर्षानुवर्षं वायपर फिरवून तिच्यावर अर्धगोल ओरखडे उठले असतील, तर नव्या रबराने ते जाणार नाहीत. मग काचच बदलावी लागते.

हे सगळं ठीक असूनही दिवे फाकतच असतील, तर मोतीबिंदूचा विचार करा. तो सुरुवातीला नजर कमी करतोच असं नाही. दवाखान्यातला तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत वाचणाऱ्यालाही समोरून आलेल्या उजेडात काही दिसेनासं होतं. भिंगाच्या मागच्या बाजूला होणारा मोतीबिंदू यात विशेष त्रास देतो. मधुमेह असलेल्यांत आणि दमा किंवा सांधेदुखीसाठी दीर्घकाळ स्टेरॉइड घेतलेल्यांत तो जास्त आढळतो. नंबर वारंवार बदलणं हीसुद्धा मोतीबिंदूची एक खूण. वाचायचा चष्मा अचानक लागेनासा झाला म्हणून पेढे वाटणारे आजोबा मला ठाऊक आहेत!

चाळिशीनंतर परवान्यासाठी डॉक्टर जो दाखला देतात, त्यात पंचवीस मीटरवरची नंबरप्लेट चांगल्या उजेडात वाचता येते का, असं विचारलेलं असतं. पावसातल्या रात्रीची परीक्षा कुणी घेत नाही. त्यामुळे ‘तक्ता दिसतो, पण घाटात दिसत नाही’ हे तुम्हीच डॉक्टरांना सांगायला हवं.

धूसर दिसतं पण पापणी मिटल्यावर क्षणभर स्वच्छ होतं, तेव्हा डोळे कोरडे असण्याची शक्यता जास्त. गाडी चालवताना टक लावल्याने पापण्या कमी लवतात. त्यात एसीचा झोत तोंडावर असला की भर पडते. झोत वळवा आणि थेंब डॉक्टरांना विचारूनच घाला. रात्री घालायचे म्हणून विकले जाणारे पिवळे चष्मे घेऊ नका. डोळ्यांत पोचणारा उजेड ते उलट कमी करतात, आणि साठीच्या डोळ्यांत तो तसाही तरुणपणापेक्षा बराच कमी पोचतो. ओरखडे पडलेला रोजचा चष्मा मात्र जरूर बदला.

दिव्याभोवती रंगीत कडी, डोळ्यात तीव्र वेदना, डोकेदुखी आणि मळमळ एकत्र आली, तर उद्यावर ढकलू नका. तो काचबिंदूचा अचानक आलेला झटका असू शकतो. काही तासांत उपचार झाले नाहीत तर नजर कायमची जाऊ शकते.

चिपळूणकर, तुम्ही दोन्ही करा. रबर या आठवड्यात बदलून घ्या, ते स्वस्त आहे आणि लगेच होतं. डोळ्यांची तपासणी होईपर्यंत घाट दिवसाउजेडीच ओलांडा. आणि तपासणीला मारुती स्वतः चालवत जाऊ नका. बाहुली मोठी करायचे थेंब घातल्यावर काही तास जवळचं धूसर दिसतं, ऊनही सहन होत नाही. सोबत कुणाला तरी न्या. गॉगल विसरू नका.